शोध माइकपासून सुरू करा

लिनक्सवर चॅट अ‍ॅपवरून समोरच्याला आपला आवाज ऐकू जाईना की बहुतेकांचा राग आधी अ‍ॅपवर निघतो. ते काढून पुन्हा टाकलं जातं. माझ्या मते शोध उलट्या टोकाने, माइकपासूनच सुरू व्हायला हवा. आपला आवाज आधी कर्नलमधल्या अल्सा या ध्वनियंत्रणेकडे येतो, तिथून पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या ध्वनी-सर्व्हरकडे आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅपकडे. म्हणून पहिली चाचणी ‘एरेकॉर्ड’ या आज्ञेची. साउंड कार्डाचा क्रमांक देऊन थेट रेकॉर्डिंग करावं. क्रमांक न देता केलं, तर ते बहुधा पाइपवायरमार्फतच होतं आणि खालच्या थराबद्दल काहीच कळत नाही. फाइल मुकी निघाली तर अ‍ॅप निर्दोष. मग अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून कॅप्चर बंद आहे का ते बघावं. नव्या इंटेल लॅपटॉपवर माइक यादीतच नसेल, तर साउंड ओपन फर्मवेअर बसवायचं राहिलं असण्याची शक्यता मोठी.

फाइलमध्ये आवाज स्वच्छ आला, तर पाव्हूकंट्रोल हे आवाजाच्या नियंत्रणाचं साधन उघडावं, तेही कॉल चालू असताना. कारण त्यातल्या रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये अ‍ॅप दिसतं ते आवाज घेत असतानाच. तिथे अ‍ॅपसमोर माइकऐवजी ‘मॉनिटर’ निवडलेलं असलं, तर अ‍ॅप स्पीकरकडे जाणारा आवाज पकडत असतं आणि आपलं बोलणं त्यात येतच नाही.

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅप पुन्हा टाकल्यावरही कधीकधी चालतं की! चालतं, कदाचित अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमधली चुकीची निवड त्या भरात पुसली जात असेल. पण कारण कळलेलं नसल्याने तीच अडचण पुन्हा आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. दुसरा आक्षेप असा की २०२१मध्ये फेडोरा ३४ने पाइपवायर स्वीकारल्यापासून हे सगळं जुनं झालं. बरंच सुधारलं आहे, हे खरंच. पण स्नॅप पॅकेजमधून घेतलेल्या अ‍ॅपला माइकची परवानगी अनेकदा वेगळी द्यावी लागते, आणि ब्लूटूथ हेडफोन ए२डीपी या फक्त ऐकण्याच्या प्रोफाइलवर असेल तर त्याचा माइक सहसा मिळतच नाही. ही कुलपं पाइपवायरच्या बाहेरची आहेत. आणि सामान्य माणसाने हे का शिकावं, हा प्रश्न तर अगदी रास्त आहे. पण हे थर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत, म्हणून तक्रार कुणाकडे करायची हे कळायला हवं. फर्मवेअर नसल्याची तक्रार अ‍ॅप लिहिणाऱ्याकडे गेली, तर त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं.