'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी निबंध स्पर्धेसाठी लिहिलेला माझा निबंध मी पिंप्राळ्यातील एका दुकानात टाइप करून घेतला. महाविद्यालयात आणून फाईल उघडली, तर एकही मराठी अक्षर दिसेना. नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे! "तो फॉन्ट येथे नाही," असे सरांनी सांगितले. मुदत त्याच दिवशी संपत होती. निबंध बाद झाला. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच; घरी विचारणार कोणाला? म्हणून ग्रंथालयात बसून शोध घेतला. त्यातून उमगलेले काही शब्द कला शाखेच्या मित्रांपुढे मांडतो.

संगणकाने काय करावे, याच्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. माणसाला वाचता येईल अशा भाषेत ते लिहितात. त्या मूळ लिखाणाला 'सोर्स कोड' म्हणतात. संगणकाला कळते फक्त शून्य आणि एकची भाषा. तिच्यात मूळ लिखाणाचे रूपांतर करणे म्हणजे 'कंपाइल' करणे. रूपांतरित प्रत चालते, पण माणसाला वाचून उमगत नाही. लिखाणातील चूक म्हणजे 'बग' आणि तिच्यावर लावलेले ठिगळ म्हणजे 'पॅच'. वापराच्या अटी सांगतो तो 'परवाना'.

माझे वडील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांना हे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "उघडता येतं का?" सारा वाद याच प्रश्नाचा आहे. बंदिस्त सॉफ्टवेअर ही झाकण सील केलेली मोटार होय. वाइंडिंग जळाले तरी हात लावायची सोय नाही. याविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कोणत्याही कामासाठी वापरणे, आत पाहून बदलणे, प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये असतील ते सॉफ्टवेअर मुक्त. पैसे न देता मिळते पण उघडता येत नाही, ते केवळ फुकट. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. मराठीत सुदैवाने दोन आहेत.

सुधारून पुढे दिलेली प्रतही मुक्तच ठेवावी, ही अट म्हणजे 'कॉपीलेफ्ट'. मूळ लिखाण घेऊन कोणी वेगळी वाट धरली, तर तो 'फोर्क'. शेताच्या वाटणीत जमीन अर्धी होते; येथे दोघांकडेही पूर्ण राहते. 1991 साली 'लिनक्स' जगापुढे ठेवणारा फिनलंडचा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा विद्यार्थीच होता, हे आपण लक्षात ठेवावे.

आता माझ्या निबंधाविषयी. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की खालचे रोमन उघडे पडे. 1991 साली आलेल्या युनिकोड मानकात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'क'चा क्रमांक 2325. 'लोहित देवनागरी'सारखे फॉन्ट तर खुल्या परवान्याचे आहेत. ते मित्राला देताना चोरी होत नाही.

तो निबंध मी तीन रात्री बसून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. आता तो कोणत्याही संगणकावर उघडतो. मित्रहो, टाइप करायला देण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारा. माझ्या वडिलांनी विचारला, तोच.