१६ मीटरची स्की, सहाचं बाइंडिंग

स्कीवर ‘१६ मीटर’ असं छापलेलं दिसलं तर दचकू नका. स्कीची लांबी असते जेमतेम पावणेदोन मीटर. हे १६ मीटर म्हणजे तिच्या वळणाची त्रिज्या. आणि बुटाला स्कीशी जखडून ठेवणारं जे बाइंडिंग असतं, त्याच्या छोट्या खिडकीत दिसणारा सहा किंवा सात हा आकडा सांगतो, की तुम्ही पडलात तर किती जोर आल्यावर बूट सुटणार. पहिला आकडा चुकला तर परीक्षेत घाम फुटतो. दुसरा चुकला तर नडगीचं हाड मोडू शकतं.

हे सगळं आपल्याकडे कुणाला लागतं, असं वाटेल. पण सह्याद्रीत ट्रेक करता करता हिमालयात पोचलेली, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंगमध्ये बेसिक कोर्स करून आलेली कॉलेजची मंडळी आता कमी नाहीत. त्यातल्या काहींच्या डोक्यात परतीच्या बसमध्येच किडा वळवळायला लागतो : आपल्याला इन्स्ट्रक्टर होता येईल का? मग ब्रिटनची ‘बासी’, कॅनडाची ‘सीएसआयए’, न्यूझीलंडची ‘एनझेडएसआयए’ अशी नावं कळतात. या संस्था इन्स्ट्रक्टरांना लेव्हलप्रमाणे प्रमाणपत्र देतात. बासीच्या चार लेव्हल आहेत. पहिली पाच दिवसांची, दुसरी दहा दिवसांची. आपल्याकडच्या कोर्सला स्की आणि बूट संस्थाच देते, त्यामुळे निवडीचा प्रश्नच येत नाही. तिकडे मात्र पहिल्या सकाळी तुम्ही आपली स्की खांद्यावर टाकून हजर व्हायचं असतं. ती कोणती, हे तुम्हीच ठरवायचं.

इथे बहुतेक जण शर्यत बघून स्की निवडतात. टीव्हीवर ऑलिंपिक बघितलेलं असतं. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालम आणि जायंट स्लालम अशा दोन्ही शर्यतींत उतरला होता, तेही आठवत असतं. पण या दोन शर्यतींच्या स्की सारख्या नसतात, हे लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुरुषांची स्लालमची स्की कमीत कमी १६५ सेंटिमीटर असते, ती पटापट लहान वळणं घेते. जायंट स्लालमची असते १९३ सेंटिमीटर आणि तिची त्रिज्या किमान ३० मीटर. एक स्की दुसरीचं काम करत नाही, म्हणून शर्यतपटू दोन्ही बाळगतात. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेत मात्र तुम्हाला एकाच जोडीवर सगळं दाखवायचं असतं : लहान वळणं, मोठी वळणं, मोगल आणि खराब, तुडवलेला बर्फ. (मोगल म्हणजे उतारावरचे बर्फाचे उंचवटे. औरंगजेबाचा काही संबंध नाही.)

आणि या सगळ्याच्या आधी येतो स्नोप्लाव. बेसिक कोर्सला पहिल्या दिवशी शिकवतात तेच : स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, हळूहळू घसरत खाली. शिकणारा तो कसाबसा करतो. इन्स्ट्रक्टरला तो इतका संथ आणि स्वच्छ करून दाखवावा लागतो, की आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उभ्या राहिलेल्या आजोबांनाही बघून कळलं पाहिजे. खऱ्या शर्यतीची कडक स्की इथे छळते. ती वेगावर वाकते आणि मग गोड चालते. चालण्याच्या वेगात ती फळीसारखी ताठ राहते, कड मधेच बर्फात रुतते, प्रात्यक्षिक अडखळतं. परीक्षक तुमच्या स्कीचं मॉडेल बघायला आलेला नसतो. तुम्ही वजन कुठल्या पायावर टाकता, वळणाचा आकार तुमच्या हातात आहे का, मागे बसता का, हे त्याला बघायचं असतं. स्की जितकी हट्टी, तितकी तुमची अर्धी ताकद तिला समजावण्यात जाते.

गुलमर्गची सवय आणि आल्प्सचा उतार

आपल्याकडच्या मुलांचा एक खास गोंधळ होतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. गुलमर्गची ख्याती भुसभुशीत, खोल बर्फाची. गंडोलाने अफरवटवर जाणारे परदेशी स्कीअर बघितले तर त्यांच्या पायाखाली परातीसारख्या रुंद स्की दिसतात. स्कीची रुंदी मधोमध, म्हणजे बुटाखाली, मोजतात आणि ती मिलिमीटरमध्ये सांगतात. या रुंद स्की १०० किंवा त्याहून जास्त असतात. खोल बर्फात त्या होडीसारख्या तरंगतात. साहजिकच वाटतं, चांगली स्की म्हणजे रुंद स्की.

आल्प्समधल्या परीक्षेचा मोठा भाग होतो तो पिस्टवर, म्हणजे रात्री मशीन फिरवून दाबलेल्या उतारावर. सकाळी तो कोबा केलेल्या अंगणासारखा टणक असतो. तिथे रुंद स्कीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला वेळ लागतो. लहान वळणांची लय बिघडते, आणि कड धरून ठेवताना गुडघ्यावर विनाकारण पीळ पडतो. न्यूझीलंडचंही साधारण असंच. साउथ आयलंडमधले कार्ड्रोना, कोरोनेट पीकसारखे स्की-उतार झाडांच्या रेषेच्या वर आहेत. वाऱ्याला आडोसा नाही, त्यामुळे बर्फ पुष्कळदा घट्ट बसलेला असतो. याउलट ६५ मिलिमीटरची अरुंद स्लालम स्की टणक पिस्टवर सुरीसारखी चालते. पण दुपारी तोच बर्फ तुडवून ढेकळं झाली की ती आत घुसते आणि तुम्ही नांगरल्यासारखे जाता.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन लेव्हलसाठी मधोमध ७० ते ८० मिलिमीटर, त्रिज्या १४ ते १६ मीटर, फार कडक नाही अशी पिस्टची स्की घ्यावी. दुकानदार तिला ‘कंटाळवाणी’ म्हणेल. म्हणू दे. लांबी सांगायची तर हनुवटी आणि कपाळ यांच्या दरम्यान कुठेतरी. लहान घेतली तर वळायला सोपी, पण वेगात थरथरते; लांब घेतली तर मोगलमध्ये तिची शेपटी अडकते आणि तुम्हाला मागे बसवते. मागे बसलेला उमेदवार परीक्षकाला शंभर मीटरवरून दिसतो.

त्रिज्येबद्दल थोडं फिजिक्स. स्की कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. कडेचा तो बाक तसाच पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या म्हणजे स्कीवर छापलेला आकडा. पण स्की कडेवर कलली की ती बर्फाला टेकेपर्यंत वाकते आणि खरं वळण छापील त्रिज्येपेक्षा लहान होतं. साधं गणित : छापील त्रिज्या गुणिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन. ६० अंशांत कललात तर कोसाइन अर्धा, म्हणजे १६ मीटरची स्की ८ मीटरचं वळण काढू शकते. प्रत्यक्षात बर्फ किती दाबला जातो, वेग किती, यावर ते बदलतं. पण मुद्दा कळला असेल. लहान वळण फक्त कमी त्रिज्येच्या स्कीवरच येतं असं नाही, कललं की १६ वरही येतं. मोठं वळण मात्र १२ च्या स्कीवर काढायला गेलात तर ती सारखी आत ओढते, तुम्ही तिला धरून ठेवण्यात दमता. म्हणून मधला आकडा सोयीचा.

वजन खरं सांगा

आता बाइंडिंग. याबद्दल मुलं सगळ्यात कमी विचारतात, कारण ते स्कीबरोबर ‘येतं’. बुटाचं टोक बाजूला सुटावं आणि टाच वर सुटावी अशी त्याची रचना असते. किती जोरावर सुटावं हे जो आकडा ठरवतो त्याला सगळे ‘डिन’ म्हणतात. जर्मन मानकसंस्थेच्या नावावरून पडलेलं नाव. हा आकडा तुमच्या हुशारीचा निकाल नाही. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही कसं स्की करता, या पाच गोष्टींवरून दुकानातला तंत्रज्ञ तक्त्यात बघून तो लावतो. वजन आणि उंचीपैकी ज्यातून कमी आकडा निघतो तो धरतात. साठ-पासष्ट किलोच्या तरुणाचा आकडा साधारण पाच ते आठच्या मध्ये कुठेतरी बसतो.

तो फॉर्म भरताना मात्र माणसं खोटं बोलतात. कुणी वजन पाच किलो कमी लिहितं. त्याहून जास्त वेळा खोटं येतं ते शेवटच्या रकान्यात. तिथे तीन प्रकार असतात : पहिला सावध, दुसरा मध्यम, तिसरा वेगवान आणि आक्रमक. इन्स्ट्रक्टर व्हायला निघालेल्या मुलाला ‘मध्यम’वर खूण करायची लाज वाटते. तो तीनवर करतो आणि आकडा चढतो. बाइंडिंग जास्त घट्ट असेल तर संथ वेगात, पायाला पीळ पडत पडलात तेव्हा ते सुटतच नाही. आणि ट्रेनिंगमध्ये पडणं बहुतेक अशाच फालतू वेगात होतं. उलटही खरं : फारच सैल ठेवलं तर तीव्र उतारावर, न पडताच, एका धक्क्याने स्की निघून जाते, आणि हे काही कमी धोक्याचं नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतः पिळत बसू नये. ट्रेनिंगच्या महिन्याभरात वेग खरंच वाढला, अवघड उतारांवर जायला लागलात, तर परत दुकानात जायचं आणि तसं सांगायचं.

एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची हाडं मोडणं खूप कमी झालं, पण गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट वाचवण्याची हमी नेहमीचं बाइंडिंग देत नाही. योग्य आकडा लावला म्हणजे गुडघा विम्यात गेला असं समजू नका. मागे बसून पडायची सवय मोडणं हाच त्यावरचा खरा इलाज. तो परीक्षेतही मार्क देतो, हा बोनस.

बाइंडिंग निवडताना आकड्यांची रेंज बघा. चार ते बारा अशी रेंज असेल आणि तुम्हाला सहा-सात लावायचा असेल तर उत्तम. सहा ते सोळाचं शर्यतीचं बाइंडिंग दिसायला दणकट, पण तुमचा आकडा त्याच्या तळाशी बसतो. ब्रेकची रुंदीही बघा. ब्रेक म्हणजे स्की सुटली की खाली उघडणारे दोन पाय. स्की एकटीच उतारावरून पळून खालच्या कुणाला लागू नये म्हणून. ते स्कीपेक्षा जेमतेम रुंद हवेत. फार रुंद असतील तर तुम्ही कडेवर कललात की बर्फाला घासतात. आणि बुटाचा तळवा कुठल्या प्रकारचा आहे ते आधी विचारा. जुना सपाट अल्पाइन तळवा, चालायला सोयीचा ग्रिपवॉक तळवा आणि टूरिंगचा तळवा, हे तीन वेगळे. प्रत्येक बाइंडिंग तिन्ही घेत नाही. बूट आत ‘खट्’ करून बसला म्हणजे जमलं असं नसतं. बसेल, पण सुटायच्या वेळी नीट सुटणार नाही.

रुळावर सरकणारं बाइंडिंग मिळालं तर शिकणाऱ्याने तेच घ्यावं. स्कीला भोकं न पाडता ते बुटाच्या मापाप्रमाणे पुढेमागे करता येतं. सीझनच्या मध्यात बूट बदलायची वेळ अनेकांवर येते, तेव्हा हे कामाला येतं.

विकत की भाड्याने?

तिकडे नवीन चांगली जोडी बाइंडिंगसकट ६०० ते ८०० युरोंना सहज जाते. पाच दिवसांच्या पहिल्या लेव्हलसाठी एवढे पैसे घालू नका. भाड्याने घ्या, दोन-तीन वेगळ्या स्की बदलून बघा, कुठली आवडली ते लिहून ठेवा. आठ-दहा आठवड्यांचं ट्रेनिंग करणार असाल तर मात्र स्वतःची हवी, कारण ओळखीची स्की हीच परीक्षेच्या सकाळी उपयोगी पडते. सीझन संपताना भाड्याच्या दुकानांतून वापरलेल्या जोड्या निम्म्या किमतीत निघतात. घेताना खालची धातूची कड किती शिल्लक आहे ते बोट फिरवून बघा (जपून). तळाला आतल्या लाकडापर्यंत गेलेली भेग नको. बाइंडिंग इतकं जुनं नको की कंपनीने त्याची जबाबदारी घेणं थांबवलंय. असं बाइंडिंग पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञ हातात घ्यायलाही नकार देतो.

सरावाचं म्हणाल तर दुबईत नातेवाईक असतील त्यांना मॉलमधला ४०० मीटरचा बर्फाचा उतार आहेच. वर्षभर बर्फ, भाड्याचं साहित्य आत मिळतं. स्नोप्लाव घोटायला तेवढा पुरे.

आणि पैसे एकाच गोष्टीसाठी पुरत असतील तर स्की राहू द्या, बूट घ्या. पायात घट्ट, टाच न उचलणारा, तरी पाय न चेपणारा बूट दुकानात तास-दीड तास बसून, पातळ मोजा घालून निवडावा लागतो. तुम्ही पायाने दिलेली सूचना स्कीपर्यंत तोच पोचवतो, आणि बाइंडिंगचा आकडाही त्याच्याच तळव्यावरून निघतो. विमानात तो केबिन बॅगेत घ्यायचा. जोडीचं वजन चार-पाच किलो भरतं, म्हणजे सात किलोच्या हिशेबात वर एक जॅकेट आणि दोन टी-शर्ट. चेक-इनला टाकलेल्या स्की दोन दिवस उशिरा आल्या तरी चालतं. दुकानातली भाड्याची जोडी तुमच्या बुटाला लावून द्यायला तंत्रज्ञाला दहा मिनिटं लागतात.