घराचा बाहेरचा अंगरखा

बेळगावकडून भोपाळला येऊन मला बावीस वर्षे झाली. आपल्याकडे जुन्या घराची भिंत चिऱ्याची असली, तर आतबाहेर चिराच. इथल्या नव्या वसाहतींत भिंत विटांची आणि दगड फक्त दर्शनी, इंचभर जाडीचा. याला म्हणतात क्लॅडिंग. प्रकार जुनाच! भोपाळजवळच्या सांचीचा मोठा स्तूप अशोकाच्या काळी विटांचा होता. दगडाचे आवरण त्याला नंतर, शुंगांच्या काळात चढले.

गेल्या वर्षी घर रंगवायला काढले, तेव्हा सासूबाईंच्या खोलीच्या पश्चिम भिंतीला ओल दिसली. कंत्राटदार म्हणाला, "भाभीजी, पत्थर लगवा लो, सब छिप जाएगा." छिपेल हो, पण ओल जाईल का? सासूबाईंना दमा आहे. बाहेरून वाट बंद झालेली ओल आत, खोलीतच उतरते. मी आधी गच्चीवरून पाणी उतरवणारा पाइप तपासायला लावला. सांधा फुटलेला निघाला! तो बदलून भिंत सगळा उन्हाळा उघडी ठेवली.

दगड लावायचाच, तर इकडे वालुकाश्म सहज मिळतो; हा सगळा मुलूखच विंध्याच्या वालुकाश्मावर वसलेला. दिसतो देखणा, पण पाणी पितो आणि पावसाळ्यात शेवाळतो. वरून जलरोधक लेप द्यावा, तोही भिंतीतली वाफ बाहेर सोडणारा. खालच्या भागात सिमेंटवर बसवलेला दगड टिकतो. उंचावर मात्र स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवरच बसवून घ्यावा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत एखादा तुकडा अंगणात खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर यायचा. क्लॅम्पमुळे मागे पोकळी राहते आणि पश्चिमेचे ऊनही कमी झिरपते. सिमेंटवरचे काम झाले की दगड ठोकून बघा. बद्द आवाज आला तर मागे माल भरलेला नाही.

चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची सध्या फार हौस. स्वस्त पत्र्याच्या पोटात प्लॅस्टिक असते, आणि ते पेटते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी अशाच आवरणामुळे आग मजल्यामागून मजले चढत गेली. 72 माणसे गेली. घराला हे पत्रे मी तरी लावणार नाही.

आम्ही शेवटी साधा गिलावा, फिका रंग आणि खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा केला. दगड फक्त फाटकाच्या खांबांना. शेजारणीला ते कंजूषपणाचे वाटले. सासूबाईंच्या खोलीची भिंत मात्र यंदाच्या पावसाळ्यात कोरडी राहिली.