साचा आपला, तरच बाटली आपली
सौंदर्यप्रसाधनांच्या पॅकिंगसाठी स्वतःचा मोल्ड : नाशिकच्या छोट्या उद्योजकांसाठी काही हिशेब

अत्तर, सुरमा, केसांचे तेल, मेंदी, काजळ, फेस क्रीम असा माल घरगुती किंवा छोट्या प्रमाणावर बनविणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माल चांगला असतो, पण बाटली बाजारातली. तीच बाटली, तेच झाकण शेजारच्या दुकानातील दुसऱ्या मालालाही असते. गिऱ्हाईक लेबल वाचण्याआधी बाटली ओळखते, आणि येथेच छोटा उत्पादक मार खातो. स्वतःच्या आकाराची बाटली हवी, तर स्वतःचा साचा, म्हणजे मोल्ड, बनवावा लागतो. हा खर्च केव्हा करावा व केव्हा टाळावा, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

नाशिक सोयीचे का?

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमध्ये मोटारींचे व विजेच्या उपकरणांचे कारखाने आले. त्यांना सुटे भाग पुरविता पुरविता येथे टूलरूमचा धंदा रुजला. स्विचचे कव्हर असो वा गाडीतले प्लास्टिकचे बटण, त्यामागे साचा असतोच. सीएनसी मशीन, वायरकट, स्पार्क इरोजन आणि हाताने पॉलिश करणारा कसबी कारागीर, हे सर्व या शहरात मिळते. पण मोटारीचा भाग बॉनेटखाली लपतो, क्रीमची डबी मात्र गिऱ्हाईक हातात घेऊन उजेडात फिरवून पाहते. म्हणून टूलरूम निवडताना केवळ मोठे नाव पाहू नये. त्यांनी केलेले पारदर्शक किंवा चकचकीत काम मागून पाहावे.

आधी बाटली कशी बनते ते पाहा

झाकण, डबी, लिपस्टिकची केस हे इंजेक्शन मोल्डिंगने बनते. शाम्पू-तेलाची एचडीपीई बाटली फुगवून, म्हणजे ब्लो मोल्डिंगने बनते. पेट बाटलीत आधी प्रीफॉर्म बनतो व तो तापवून साच्यात फुगवितात.

छोट्या उत्पादकाच्या उपयोगाची गोष्ट येथेच आहे. बाजारात प्रमाणित मापाच्या गळ्याचे प्रीफॉर्म तयार मिळतात. ते घेऊन फक्त बाटलीच्या अंगाचा ब्लो मोल्ड बनविला, तर प्रीफॉर्मच्या साच्याचा खर्च वाचतो. ब्लो मोल्ड पुष्कळदा ॲल्युमिनियमचा चालतो व इंजेक्शनच्या पोलादी साच्यापेक्षा स्वस्त पडतो. गळा २४/४१० सारख्या प्रचलित मापाचा ठेवला (२४ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास, सुमारे २४ मिलिमीटर), तर पंप, फ्लिप-टॉप, स्प्रे सर्व तयार मिळते. आकार आपला, गळा बाजाराचा, ही सुरुवातीची सर्वांत शहाणी वाट होय.

आकसण्याचा हिशेब

गरम प्लास्टिक थंड होताना आकसते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १ ते २.५ टक्के आकसते, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून ५० मिलिमीटरचे झाकण हवे असेल व आकस दीड टक्का धरला, तर साच्यातील पोकळी सुमारे ५०.७५ मिलिमीटरची ठेवावी लागते. त्याच साच्यात नंतर एबीएस घातले तर झाकण सुमारे ५०.५ मिलिमीटरचे निघेल व डबीवर ढिले बसेल. “साचा होऊ द्या, प्लास्टिक मग ठरवू” असे म्हणणाऱ्याचे पैसे येथे बुडतात. प्लास्टिक आधी, साचा नंतर.

तसेच भिंतीला थोडा उतार हवा, नाहीतर माल साच्यातून सुटताना ओरखडे पडतात. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ असली तर जाड भागावर खळगा पडतो. प्लास्टिक कोठून आत शिरणार व इजेक्टर पिनचे ठसे कोठे उमटणार, हे नकाशावरच विचारून घ्यावे. पोलाद कापण्याआधी थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढून हातात घेऊन पाहावा. हा खर्च साच्याच्या मानाने किरकोळ असतो.

किती पोकळ्यांचा साचा?

समजा, एक झाकण २० सेकंदांत पडते. एका पोकळीच्या साच्यातून तासाला १८० नग निघतील, चार पोकळ्यांच्या साच्यातून ७२०. पण चार पोकळ्यांचा साचा महाग, आणि त्याला मशीनही मोठे लागते. समजा, साच्याला ४ लाख रुपये लागले. १ लाख नग विकले तर नगामागे ४ रुपये पडतात, १० लाख विकले तर ४० पैसे. आपला वर्षाचा खप काही हजार नगांचा असेल, तर साच्याचा मोह सोडून तयार बाटलीवर चांगले लेबल व छपाई करावी, असेच आम्ही सांगू.

कागद पक्का करा

साच्याचे पैसे आपण देतो, पण साचा राहतो मोल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये. पुढे वाद झाला की साचा अडकतो व धंदा थांबतो. यासाठी साचा कोणाचा, किती नगांची हमी, दुरुस्ती कोण करणार, परत केव्हा मिळणार आणि दुसऱ्यासाठी त्यातून माल काढायचा नाही, हे लिहून घ्यावे. साच्यावर आपले नाव कोरून घ्यावे. साचा जॉबवर्कसाठी पाठविताना चलन अवश्य करावे. जीएसटी कायद्यात इतर भांडवली वस्तू ३ वर्षांत परत आणण्याची अट आहे, साच्यांना ती मुदत लागू नाही.

बाटलीचा आकार नवा असेल तर डिझाइन कायदा २००० अन्वये नोंदणी होते. संरक्षण आधी १० वर्षे व वाढवून आणखी ५ वर्षे मिळते. मात्र माल बाजारात आणण्यापूर्वीच अर्ज करावा, कारण एकदा उघड झालेला आकार नवा राहत नाही. प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्यांवर २०२२ पासून विस्तारित उत्पादक जबाबदारीचे नियमही आले आहेत. आपल्याला त्यातले काय लागू होते, हे सल्लागाराकडून समजून घ्यावे.

तरुणांसाठी

या धंद्यात माल विकणाऱ्याइतकेच साचा घडविणाऱ्यालाही स्थान आहे. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे इंडो-जर्मन टूलरूम व प्लास्टिकचे शिक्षण देणारी सिपेट या दोन्ही संस्था आहेत. दहावी-बारावीनंतर मुलाला कोठे घालावे, या विचारात असलेल्या पालकांनी तेथे एकदा जरूर चौकशी करावी. बाटली बदलत राहील, प्लास्टिकही बदलेल, पण मायक्रॉनपर्यंत हात बसलेला कारागीर रिकामा राहणार नाही.