माणूस, लांडगा आणि बाकीचे हजार

१९६७ साली अमेरिकेत एका रॉक बँडने स्वतःचे नाव ठेवले ‘स्टेपनवुल्फ’. पुढच्या वर्षी त्यांचे ‘बॉर्न टू बी वाइल्ड’ गाजले आणि ‘ईझी रायडर’ चित्रपटाने ते मोटरसायकलींच्या धडधडाटासह जगभर पोहोचवले. ज्या कादंबरीवरून हे नाव उचलले तिचा नायक हॅरी हॉलर मात्र पन्नाशीकडे झुकलेला, संधिवाताने बेजार, मोझार्टचा भक्त आणि जाझला नाके मुरडणारा पुस्तकी गृहस्थ आहे. मोटरसायकल सोडाच, त्याला साधे नाचताही येत नाही!

हर्मन हेस याची ही जर्मन कादंबरी १९२७ साली, त्याच्या पन्नाशीच्या वर्षी प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हेस ओळखला जातो तो ‘सिद्धार्थ’मुळे, शशी कपूरने त्या कथेवरच्या चित्रपटात कामही केले. त्याचे आजोबा हर्मन गुंडर्ट तलश्शेरीला मिशनरी होते आणि त्यांनी मल्याळमचा मोठा शब्दकोश रचला, वडिलांनी मंगळूरला मिशनचे काम केले. पण ‘स्टेपनवुल्फ’ पौर्वात्य शांतीच्या वाटेने जात नाही. ती युरोपातल्या एका शहरात, भाड्याच्या माडीवर घडते. हेसचे दुसरे लग्न तेव्हा मोडकळीला आले होते, कार्ल युंगकडे मनोविश्लेषणाची सत्रे घेऊन झाली होती आणि उतारवयात तो झुरिकमध्ये नाचाचे धडे गिरवत होता. नायकाची आद्याक्षरे त्याने स्वतःचीच ठेवली.

हॅरी स्वतःला ‘गवताळ माळावरचा लांडगा’ म्हणवतो. आपल्यात एक सुसंस्कृत माणूस आहे आणि एक रानटी, एकलकोंडा लांडगा. दोघे एकमेकांचा गळा धरून बसले आहेत, अशी त्याची समजूत. पन्नासाव्या वाढदिवसाला वस्तरा चालवून आयुष्य संपवायची मुभा त्याने स्वतःला देऊन ठेवली आहे. पण हेस या लांडग्याला रानात कुठेच दाखवत नाही. तो दाखवतो जिन्याच्या पायरीवर बसलेला! शेजारच्या बिऱ्हाडाच्या दारापुढे लखलखीत घासलेली जागा, तिथे निगुतीने पुसलेली शोभेची झाडे, फरशीच्या पॉलिशचा वास. आणि तो हुंगत भारावून बसलेला हॅरी. मध्यमवर्गीय टापटिपीला शिव्या घालणाऱ्याला राहायला मात्र तसलेच घर लागते. बँकेतल्या ठेवींवर जगणारा हा बंडखोर आहे.

एक प्रसंग तर मुळातूनच वाचावा असा. जुन्या ओळखीचा एक प्राध्यापक हॅरीला जेवायला बोलावतो. दिवाणखान्यात कवी गटेचे चित्र आहे, साहेबी, गुळगुळीत. प्राध्यापक वर्तमानपत्र फडकावत कुणा हॉलर नावाच्या देशद्रोही लेखकाला शिव्या मोजतो. तो लेखक समोरच बसला आहे, हे त्याच्या गावीही नसते. हे हेसचे स्वतःचे दुखणे होते. १९१४ साली युद्धज्वराविरुद्ध लिहिल्याबद्दल जर्मन वर्तमानपत्रांनी त्याला असेच धारेवर धरले होते. हॅरी जेवतो, मग त्या चित्राबद्दल नको ते बोलून यजमानीणबाईंना दुखावतो आणि निघून जातो. आतला लांडगा जिंकला, असे त्याला वाटते. वाचकाला दिसतो तो एका पाहुण्याचा कडू, केविलवाणा तमाशा.

कादंबरीची किल्ली मात्र दुसरीकडे आहे. रात्री रस्त्यात भेटलेला एक फलकवाला हॅरीच्या हातात एक स्वस्त पुस्तिका देतो. ती निघते खुद्द त्याच्यावरच लिहिलेला निबंध. कोरड्या, जवळजवळ शास्त्रीय सुरात तो हॅरीची सालटी काढतो. माणूस आणि लांडगा ही विभागणीच खोटी, असे त्याचे म्हणणे. हॅरी दोघांचा नाही, शेकडो-हजारोंचा बनलेला आहे. दोनच खाने पाडणे म्हणजे निव्वळ आळस. जे आवडते ते सारे माणसाच्या खाती आणि जे पेलवत नाही ते लांडग्याच्या! पुढे जादूच्या नाट्यगृहात एक बुद्धिबळपटू हॅरीच्या व्यक्तिमत्त्वाचे तुकडे सोंगट्यांसारखे मांडतो, मोडतो, पुन्हा वेगळा डाव मांडतो. शेजारच्या दालनात माणूस लांडग्याला सर्कशीसारखे नाचवतो, मग भूमिका उलटतात आणि लांडगा माणसाला दातांनी ससा फाडायला लावतो. किळस दोन्हींची सारखीच येते. हॅरीची आवडती गोष्ट इथेच संपते.

त्याला इथवर आणणारी मैत्रीण हर्मिना आणि सॅक्सोफोन वाजवणारा पाब्लो हे त्याला तत्त्वज्ञान शिकवत नाहीत. ती फॉक्सट्रॉट शिकवते, ग्रामोफोन विकत घ्यायला लावते. तरीही शेवटी मत्सराने हॅरी नाट्यगृहातल्या आरशात दिसणाऱ्या हर्मिनाला सुरी मारतो. मोझार्ट येतो, खरखरत्या रेडिओवर हेंडेलचे संगीत लावतो आणि हॅरीला शिक्षा होते: सगळ्यांनी मिळून त्याला हसायचे. देहदंड मागणाऱ्या माणसाच्या पदरात हसे पडते.

१९६३ साली टिमथी लीरी या मानसशास्त्रज्ञाने या नाट्यगृहात एलएसडीचा अनुभव पाहिला आणि एका पिढीने तोच अर्थ उचलला. पाब्लो हॅरीला काहीबाही प्यायला-ओढायला देतो हे खरे, पण तेवढ्यावर अर्थ उभा करणे म्हणजे बुद्धिबळाचा डाव सोडून सिगरेटकडे बघत बसणे. दुसरी चूक जास्त पसरलेली आहे: एकटेपणाने पोळलेला तरुण वाचक हॅरीत स्वतःला पाहतो, लांडगा होऊन मिरवतो आणि निबंधाचा भाग चाळून सोडतो. हेसने स्वतःच नंतर तक्रार केली की या पुस्तकाइतका गैरसमज त्याच्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या वाट्याला आला नाही. त्यात आजार आहे, पण त्याचा रोख मरणाकडे नसून बरे होण्याकडे आहे, हे वाचक विसरतात. कादंबरीत विनोद नाही असे ज्यांना वाटले असेल, त्यांनी प्राध्यापकाच्या घरचे जेवण आणि मोझार्टचा रेडिओ हे दोन प्रसंग पुन्हा एकदा वाचावेत.