चाकुरातला नारळ

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत तिसरीच्या पोरांना नुसतं ‘चित्र काढा’ म्हणा. थोड्याच वेळात वही भरते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा सूर्य, डोंगरातूनच निघालेली नदी, काठावर कौलारू घर आणि घराशेजारी वाकलेला नारळ. रत्नागिरीच्या मुलाने हे काढलं तर समजू शकतं. पण लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरचा मुलगाही हेच काढतो. चाकुरात नारळ दिसतो तो देवापुढे फोडताना. इथलं घर धाब्याचं नाहीतर पत्र्याचं, आता स्लॅबचं. आणि डोंगर? दख्खनच्या या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यामुळे इथल्या टेकड्यांचे माथे सपाट असतात. तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी दूरवर माहीत आहे, पण वहीतल्या टोकदार डोंगराशी त्याचं काही नातं नाही.

हे चित्र मुलाच्या डोक्यातून आलेलं नसतं. ते फळ्यावरून वहीत आणि मोठ्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत उतरतं. गुरुजींनाही ते त्यांच्या गुरुजींकडून मिळालेलं असतं. नकलेची ही परंपरा जुनी आहे. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तेव्हा चित्रकलेचं शिक्षण बरंचसं कारागीर घडवण्यासाठी होतं. नमुना समोर ठेवायचा आणि हात बसेपर्यंत गिरवायचा. त्याच जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. म्हणजे मुंबईची पोरं मराठवाड्यात येऊन चित्र शिकत होती! मराठवाड्याच्या पोरांना ही संधी कधी मिळाली, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

हायस्कूलमध्ये चित्रकलेला थोडा मान असतो, तो कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे हे पेपर. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सवलतीचे गुण मिळू लागले, तसे पालकही रंगपेटीवर खर्च करायला तयार झाले. परीक्षा वाईट नाही. खेड्यातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा जलरंगाची पेटी हातात धरली ती तिच्याच निमित्ताने. पण तिची सावली खालच्या वर्गांवर पडते. चौथीतल्या मुलाकडूनही मग सरळ रेघ, सारखा रंग आणि ‘बाहेर न गेलेलं’ रंगकाम मागितलं जातं.

प्राथमिक शाळेत तर चित्रकलेला वेगळा शिक्षकच नसतो. शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला, तोही सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि शंभरावर पट असेल तरच. पहिली ते पाचवीला तेवढंही नाही. गणित, मराठी, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं उरकून जे गुरुजी किंवा बाई उरतात, त्यांच्याच वाट्याला हा तास येतो. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हाताशी आहे आणि त्यात करण्याजोगं बरंच आहे. पण पुस्तक महाराष्ट्रभराचं. चाकूरची भर चाकूरनेच घालायला हवी.

ती घालायची म्हटलं तर पहिली वस्तू पायाखालीच आहे. बैलपोळ्याला मुलं मातीचे बैल करतात. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण बैल सावलीत वाळला तरी मानेशी तडकतो आणि शिंग गळून पडतं. काळ्या मातीत पाणी धरून फुगणारे खनिजकण असतात, वाळताना ते आकसतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच इथे बैलाला. गावातल्या कुंभाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो मातीत राख, लीद किंवा बारीक भुसा मळतो. शाळेतही एक बैल नुसत्या मातीचा, एक राख घातलेला, एक कापसाचे धागे घातलेला, असे तीन करून आठवडाभर शेजारी ठेवले तर मातीकाम आणि विज्ञान एकाच तासात होतं. कुंभारालाच एक दिवस वर्गात बोलावलं तर आणखी चांगलं.

रंगांचंही तसंच. खडूची पेटी आठवड्यात संपते आणि पांढरा तेवढा उरतो. पण गेरू, चुना, कोळसा, नीळ, पळसाची फुलं यांना दुकान लागत नाही. मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद पिकते. हळदीच्या पाण्याने कागद पिवळा करून वाळवायचा आणि मग साबणाच्या किंवा चुन्याच्या निवळीत काडी बुडवून त्यावर लिहायचं. अक्षर कुंकवासारखं लाल उमटतं. पहिलीची मुलं हा प्रकार पुन्हा पुन्हा करायला मागतात. भेंडीचे ठसे, अंगठ्याच्या ठशाची पाखरं, पानावर कागद ठेवून खडूने घासणं हे सगळीकडे चालतं, त्याबद्दल फार लिहायला नको. पानं तेवढी वडवळच्या बेटावरची असली, आणि प्रत्येकाखाली झाडाचं नाव लिहिलेलं असलं, म्हणजे झालं.

बोलक्या भिंतींबद्दल मात्र थोडं कडवट लिहावं लागेल. गेल्या काही वर्षांत शाळांच्या भिंती रंगल्या हे चांगलंच झालं. पण रंगवतो पेंटर, आणि मुलांना हात लावायची बंदी! शिवाय जिथे तिथे वारली. जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रं कागदावर आणून जगभर नेली, पद्मश्री मिळवली. पण त्या चित्रांतला तारपा, तो नाच, तांदळाच्या पिठाचा तो पांढरा हे सगळं पालघर-डहाणूच्या घराभिंतींचं, तिथल्या लग्नाचं आहे. लातूरच्या शाळेत त्यातून उरतात दोन त्रिकोण आणि एक गोल. वारली दाखवा, जरूर दाखवा. पण लातूर-नांदेडच्या तांड्यांवर आरसे आणि कवड्या लावून लमाणी बायका जे भरतकाम करतात, ते भिंतीवर का येत नाही? ते भरणाऱ्या बाईची नात त्याच वर्गात बसलेली असू शकते. सीमेपलीकडे बीदरला काळ्या धातूवर चांदीची बिदरी नक्षी होते, औशाजवळ खरोशाची लेणी आहेत. एका सहलीत मावेल इतकं जवळ.

आता येळवस. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यातलं गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे. दुसऱ्या दिवशी मुलांना हे काढायला सांगा आणि फळ्यावर काहीही काढू नका. अट एवढीच. मग जे येतं त्यात नारळ नसतो. कोप आरपार दिसते, कारण आत बसलेली आजी दाखवायची असते. आंबिलाचं मडकं आजीपेक्षा मोठं असतं. बैलगाडीची दोन्ही चाकं दोन बाजूंना आडवी पडलेली दिसतात. फ्रान्सचे जॉर्ज-आंरी लुके यांनी 1927 च्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं, मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. गाडीला दोन चाकं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून दोन्ही यायला हवीत. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही महालाचे खांब आणि आतली माणसं एकाच वेळी दाखवली आहेत. त्यांचं चित्र कुणी लाल शाईने दुरुस्त केलं नाही.

सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत देवी प्रसाद 1944 पासून मुलांना चित्रकला शिकवत होते. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, आणि नंदलाल तरुणपणी अजिंठ्याला जाऊन चित्रांच्या प्रतिकृती करून आलेले. म्हणजे मराठवाड्यातून निघालेली एक वाट बंगालमार्गे वर्ध्याच्या खेड्यात परत आली. तिथे सूत, माती, भाजीचा मळा आणि चित्र यांत भिंत नव्हती. देवी प्रसादांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिलं, कला हाच शिक्षणाचा पाया मानणारं. आज शनिवार आनंददायी करण्याचे आदेश शाळांना येतात, तेव्हा हा जुना प्रयोग डीएडच्या मुलांना कुणी नीट वाचायला देतं का, याची मला शंका आहे.

राहिलं मूल्यमापन. सातत्यपूर्ण मूल्यमापनात कलेचीही वर्णनात्मक नोंद करावी लागते आणि तिथे वर्षानुवर्षं तीच तीन वाक्यं फिरत असतात: ‘सुंदर चित्र काढतो’, ‘रंगसंगती चांगली आहे’, ‘अक्षर वळणदार आहे’. येळवशीच्या एका चित्राखाली याहून उपयोगाची नोंद सहज होईल: ‘कोपीतली पाची माणसं दाखवली. मडकं सगळ्यात मोठं का, विचारल्यावर म्हणाला, तेच आधी संपलं.’