आधी कोणता माल लावावा?

कारखान्यात चार ऑर्डरी आल्या की आपली रीत ठरलेली. जो आधी आला त्याचा माल आधी, नाहीतर जो जास्त तगादा लावतो त्याचा आधी. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. एका हंगामात आमचा वायदा एका दिवसाने चुकला आणि व्यापाऱ्याने सगळा माल परत केला. हिशोब मांडून पाहिला तेव्हा कळले, यंत्रे कमी नव्हती, क्रम चुकला होता.

हा हिशोब अमेरिकेतील गणितज्ञ सेल्मर जॉन्सन यांनी १९५४ साली मांडला. माल आधी एका यंत्रावर आणि मग दुसऱ्या यंत्रावर जात असेल, तर सर्व कामांत सर्वांत कमी वेळ कुठे लागतो ते पाहावे. तो पहिल्या यंत्रावर असेल तर ते काम सर्वांत आधी लावावे, दुसऱ्यावर असेल तर सर्वांत शेवटी. उरलेल्या कामांना पुन्हा हाच नियम.

उदाहरण घेऊ. आधी रंगाई, मग कॅलेंडर. पहिल्या मालाला रंगाईस ५ तास, कॅलेंडरला २. दुसऱ्याला ४ आणि ३. तिसऱ्याला १ आणि ६. आले तसे लावले तर सगळा माल १८ तासांत निघतो. तिसरा आधी, मग दुसरा, शेवटी पहिला असे लावले तर १२ तासांत! यंत्रे तीच, कारीगर तेच, सहा तासांची बचत. कारण कॅलेंडर रिकामे बसत नाही.

मात्र वायद्याच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर हा नियम पुरत नाही. एकाच यंत्राचे काम असेल तर ज्याचा वायदा जवळचा त्याचा माल आधी लावावा, म्हणजे सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो. तीन-चार यंत्रांचा क्रम लावायचा तर गणित फार अवघड होते, तिथे संगणकाची मदत घ्यावी लागते.

अवजारांचेही असेच आहे. मागावर आधीच्याच वहिफणीचा ताणा आला तर जुन्या धाग्यांना नवे धागे गाठून काम चालू होते. वहिफणी बदलली की एकेक धागा नव्याने ओवावा लागतो. म्हणून एका फणीच्या ऑर्डरी लागोपाठ लावाव्यात. संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कप्प्यात मोजकीच हत्यारे मावतात. तिथे जागा करायची तर जे हत्यार सर्वांत उशिरा लागणार ते काढावे.

नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी आपल्या कारखानदार बंधूंनी एक आठवडा प्रत्येक कामाचे तास वहीत लिहावेत. कोणते यंत्र किती वेळ रिकामे बसते ते दिसेल. कदाचित कर्जाची गरजच उरणार नाही.